नान्नांच्या स्कूटरचा दिवा

गुडघे गेल्यावर नान्नांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मागे दोन जादा चाकं लावलेली बॅटरीची स्कूटर घेतली. चाळीस वर्षं यंत्रमागावर उभं राहून काढलेला माणूस घरात बसणार थोडाच! रोज संध्याकाळी पुलापलीकडे जुन्या कामगार मित्रांकडे जायचे. मी तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळते. दुपारी ते गाडी चार्जिंगला लावत तेव्हा मी कामावर असायचे, आणि चार्जरची पिन ढिली होती. नीट बसली नाही तर गाडी चार्ज न होता तशीच राहायची, आणि बाहेरून काही कळायचं नाही.

म्हणून मी एक छोटं सर्किट केलं. बॅटरीत करंट जात असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. पहिलं सर्किट इतकी वीज खायचं की चार दिवस गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरायची. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं! मग नगण्य करंटवर चालणारी चिप शोधली, दिवा सतत न ठेवता दर पाच सेकंदांनी एकदा चमकेल असं केलं. आठवडाभर मीटर लावून बघितलं आणि मगच ते हँडलजवळ बसवलं.

"पिन लावली की दिवा बघायचा. हिरवा चमकला असेल तरच निघायचं," मी बजावलं.

"व्हय की," नान्ना म्हणाले.

तिसऱ्याच दिवशी साडेपाचला अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, तुमचे वडील पुलाच्या चढावर हायत. गाडी बंद पडलीय. लागलं न्हाय कुटं, पण लवकर या." रिक्षावाला होता. मी गेले तेव्हा त्यानं आपली रिक्षा आडवी लावून मागचे ट्रक अडवून धरले होते. नान्ना हँडल घट्ट धरून बसलेले, शर्ट घामानं भिजलेला.

गाडी ढकलत घरी आणली. चार्जर लावला, मुद्दाम पिन ढिली ठेवली. लाल चमकला. सर्किट बरोबर होतं. माझा आवाज चढला.

"लाल दिसत असताना निघालात कसे?"

"हिरवा होता."

"आता कोणता आहे?"

दिवा चमकला. ते बघत राहिले. पुन्हा चमकला.

"हिरवा?" त्यांनी मलाच विचारलं.

मी खालीच बसले. मग त्यांनी सांगितलं. लाल आणि हिरवा त्यांना लहानपणापासून एकसारखेच दिसत. कारखान्यात कळलं असतं तर रंगीत चादरीच्या मागावरून काढलं असतं. अम्मा, माझी आई, त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायची. लाल सुताच्या कांडीला ती एक गाठ मारून द्यायची, हिरव्याच्या कांडीला दोन. तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. तिला जाऊन चार वर्षं झाली.

"मग मला तरी सांगायचं की, नान्ना."

"तू एवढं खपून केलंस. नको कसं म्हणायचं?"

आम्ही घरी तेलुगू बोलतो. पण हे शेवटचं वाक्य ते मराठीत म्हणाले, परक्या माणसाला सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी मी लाल दिवा काढून टाकला. आता एकच दिवा: करंट जात असेल तर लुकलुकतो, नसेल तर विझलेला. सोबत बारीक टिकटिकही ठेवली. हात लावला तर बोटालाही कळते. त्यांनी डोळे मिटून तीनदा तपासून पाहिलं.

त्यानंतर गाडी वाटेत बंद पडलेली नाही. तरी चार वाजले की माझा हात फोनकडे जातोच. नान्ना आता हॅलो म्हणत नाहीत. "लुकलुकतोय," एवढंच म्हणतात आणि मी काही विचारायच्या आत ठेवून देतात. मग सातला ते घरी पोचेपर्यंत माझं निम्मं लक्ष पुलावर असतं.