कोपऱ्यातली ओल

नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला संत्र्याचा रस बाटल्यांत भरणारा एक नवा कारखाना उभा राहत होता. त्याच्या मुख्य हॉलमध्ये इपॉक्सीची, म्हणजे रसायन ओतून केलेली बिनसांध्याची फरशी टाकायचं काम आमच्याकडे होतं. आमच्याकडे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडे. बारावीनंतर मी अकोल्यात नुसताच हिंडत होतो, तेव्हा ताईनं गळ घातली आणि भाऊजींनी मला कामावर घेतलं. काँक्रीट कसं घासायचं, भेग कशी भरायची, सगळं त्यांनीच शिकवलेलं. नऊ वर्षांत मी त्यांच्या शब्दाबाहेर गेलो नव्हतो.

चार दिवस आम्ही तो हॉल घासला. काँक्रीटवर सिमेंटची पातळ साय धरलेली असते. ती मशीननं खरवडून काढली नाही, तर वरचा थर पुढे तिच्यासकट सुटून येतो. मग सगळी धूळ मशीननं ओढून घेतली. राहिली होती ती ओल तपासायची. त्यासाठी प्लास्टिकचे हातभर तुकडे जमिनीवर ठेवून चारी कडांना टेप मारायचा आणि एक दिवस थांबायचं. खालून ओल येत असेल तर प्लास्टिकला आतून घाम सुटतो. आम्ही असे सहा तुकडे लावले होते.

शुक्रवारी सकाळी ते उचलायचे होते. सोमवारी बाटल्या भरायचं मशीन येणार म्हणून कारखान्याचे शेठ स्वतः अमरावतीहून येऊन उभे होते. पाच तुकडे कोरडे निघाले. सहावा मागच्या भिंतीजवळच्या कोपऱ्यातला. त्याच्या आत थेंब होते आणि खालचं काँक्रीट काळपट पडलं होतं.

भाऊजी वाकले, बघितलं आणि बुटानं ती जागा घासली. पुसताना पाणी सांडलं असेल, पंखा लावला की वाळतं, असं शेठना सांगून त्यांनी मजुरांना प्रायमर कालवायला लावलं. प्रायमर म्हणजे इपॉक्सीखालचा पहिला हात. डब्यातली दोन द्रव्यं एकदा एकत्र झाली की अर्ध्या तासात ती जमिनीवर पसरावीच लागतात, नाहीतर डब्यातच घट्ट होतात.

मजुरानं पहिला डबा उघडला. मी भाऊजींजवळ जाऊन हळूच म्हणालो, "भाऊजी, पाणी तर आपण वापरलंच नाही."

ते वळले. शेठ ऐकत होते. "तुले मी शिकवलं," ते म्हणाले, "आन आता तू मले शिकवून राहिला?"

मजूर डबा हातात धरून आमच्या दोघांकडे बघत थांबला होता. मी जाऊन डब्यावर झाकण ठेवलं आणि शेठना सांगितलं की आज हे टाकलं तर या कोपऱ्यात फुगे येतील, फरशी उखडेल, मी टाकणार नाही. शेठ आवाज न चढवता म्हणाले की सोमवार हुकलेला त्यांना चालणार नाही, तुम्ही दोघं काय ते ठरवा. पण ते तिथून हलले नाहीत.

मी छिन्नी-हातोडा आणला आणि त्या काळपट जागी खोदायला लागलो. घासून चोख केलेल्या जमिनीवर मीच घाव घालत होतो. बोटभर खोल गेल्यावर खपल्या हाताला ओल्या लागल्या. आणखी खोदलं. खड्ड्याच्या तळाशी पाणी हळूहळू जमू लागलं. शेठ उकिडवे बसले, बोट बुडवून पाहिलं आणि पाइपवाल्याला फोन लावला.

भिंतीपलीकडे संत्री धुवायचं टाकं होतं. ते आठवड्यापूर्वी भरून पाहिलं होतं आणि भिंतीखालून जाणाऱ्या पाइपाचा जोड सुटलेला होता.

परतताना गाडीत मूर्तिजापूर आलं, तेव्हा भाऊजी समोर बघतच म्हणाले, "प्लास्टिक उचललं तवाच मले दिसलं होतं. शेठले जबान देऊन बसलो होतो. नाही म्हणासाठी तोंडच नाही उघडलं."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. राग आला. त्यांची चूक झाली असती तर मी ती पोटात घातली असती. पण त्यांना माहीत होतं, आणि तरी माणसांसमोर त्यांनी मला खोटं पाडलं होतं. मी काच खाली केली.

बाटल्या भरायचं मशीन गोदामात पडून राहिलं. पाइप बदलून, पंखे लावून कोपरा वाळायला तीन आठवडे गेले. मग आम्ही फरशी टाकली. ती आजही जशीच्या तशी आहे. शेठनी पुढच्या हॉलचं काम आम्हालाच दिलं. ओल मी पकडली हे भाऊजींनीच त्यांना माझ्यासमोर सांगितलं.

आता ते मला साइटवर एकट्याला पाठवतात. ताईला त्याचं कौतुक वाटतं. काही अडलं तर मी त्यांना फोन करतो. ते सगळं ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, तुला बरोबर वाटेल तसं कर. पूर्वी ते मला झापायचे, आणि मग कसं करायचं ते सांगायचे.