हेल्मेटांची दृष्ट

माझ्या मेहुण्याच्या युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉल टीम त्या सीझनमध्ये पाच मॅच हरली, आणि त्या पाचही मी मैदानावर जातीनं हजर राहून पाहिल्या. सहावीला मी तापानं घरी झोपलो होतो. ती ते जिंकले.

(विज्ञानात याला योगायोग म्हणतात. आमच्या घरात जावई म्हणतात.)

मेहुणा पराग जर्मनीत कोलोनला पीएचडी करतो. सातवी मॅच हरली की टीम थेट खालच्या लीगमध्ये, आणि परागचा तो शेवटचाच सीझन! बायकोनं फर्मान काढलं, "तू घरीच थांबायचंस." पण पुण्याहून आलेल्या सासूबाई माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या.

"नजर काय कुणी मुद्दाम लावतं? येऊ दे जावईबापूंना. फक्त आधी सगळ्यांची दृष्ट काढायची. ज्यांची लागली त्यांनीच!"

"आई, चाळीस आडदांड जर्मन आहेत!"

"मग मिरच्या जास्त घे."

मॅचच्या सकाळी ऱ्हाईन नदीवरून असं धुकं चढलं, की मला माझंच पोट दिसेना. (ते न दिसण्याची ही पहिलीच वेळ.) टीम आत ट्रेनरचं भाषण ऐकत होती. बाहेर मैदानाच्या कडेला, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, सगळ्यांची हेल्मेटं ओळीनं मांडलेली.

"डोकी नाहीत, तर हेल्मेटं," सासूबाई कुजबुजल्या. "चालतं. विस्तव तेवढा बघा."

विस्तव होता. पाठीमागेच सॉसेज भाजणाऱ्या ब्राटवुर्स्टवाल्याचं ग्रिल धुमसत होतं.

मी एका हातात पावशेराची मिरच्यांची पिशवी आणि दुसऱ्या मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन पुढे झालो. चाळीस हेल्मेटं. आत डोकं नाही. जाळीतून पाणी ठिबकतंय आणि काळ्या पोकळ्या माझ्याकडे रोखून बघतायत. एक पाखरू बोलत नव्हतं. धुक्यात कुठेतरी शिट्टी वाजली, आणि तिच्यामागून कुणाचीही पावलं आली नाहीत. पायाखालचं गवत श्वास घेत होतं, आईशप्पथ!

"आल्यागेल्याची," मी मूठ ओवाळत पुटपुटलो, "घरच्यादारच्याची, भुताखेताची..."

शेवटच्या हेल्मेटनं सावकाश मान वळवली.

मी किंचाळलो. हेल्मेटही किंचाळलं.

"दाजी?! काय करताय?"

"पराग? तू आडवा का पडलायस?"

"पाठ धरलीय माझी!"

तोवर माझे दोन्ही हात वर गेले होते, आणि मूठ, पिशवी, पावशेर मिरच्या सगळं जाऊन पडलं थेट ग्रिलवर.

"नाइन! नाइन!" ब्राटवुर्स्टवाला जर्मनमध्ये 'नको, नको' ओरडला, आणि ओरडता ओरडता दिसेनासा झाला. लाल धूर पांढऱ्या धुक्यात मिसळला. नेमकं त्याच क्षणी दार उघडून टीम बाहेर आली. दिसत कुणीच नव्हतं. चहूबाजूंनी नुसता खोकला! अख्ख्या स्मशानाला पडसं झाल्यासारखा!

त्या गदारोळात सासूबाईंचा आनंदी आवाज आला, "बघा, केवढा ठसका! म्हणजे दृष्ट लागलेलीच नव्हती!"

"म्हणजे मी निर्दोष?" मी विचारलं. बायकोनं मला थेट गाडीत कोंडलं.

पुढचं मी काचेतून ऐकलं. विरुद्ध टीमला धुक्यातून काय दिसलं असेल याची कल्पना करा: लालभडक डोळ्यांचे चाळीस राक्षस, ढसाढसा रडत, भुंकत अंगावर येतायत! ते एक पाऊल मागे सरले, ते शेवटपर्यंत सरतच राहिले. धरलेल्या पाठीच्या परागनं टचडाउन केला, कारण त्याच्या वाटेत उभं राहायला कुणी तयारच नव्हतं. आम्ही जिंकलो!

मॅचनंतरच्या समारंभात सासूबाईंना टीमची जर्सी मिळाली. मग ट्रेनरनं मला स्टेजवर बोलावलं. "आल्झो, तर," तो गहिवरून म्हणाला, "परागनं आम्हाला तुमचा सगळा रेकॉर्ड सांगितलाय," आणि त्यानं पुढच्या अख्ख्या सीझनचा पास माझ्या हातात ठेवला. माझे डोळे भरून आले. घरी येऊन चष्मा लावून वाचला.

प्रत्येक मॅचला पहिल्या रांगेतली खुर्ची. विरुद्ध टीमच्या स्टँडमध्ये.