दोन बोटं वर बसवलेला फुटरेस्ट

आत्याचा एकही फोटो सपाट जमिनीवरचा नाही. कुठे पायरी, कुठे वीट, भाचीच्या लग्नात तर चक्क कुणा पाहुण्याची बॅग. डावा पाय कशावर तरी ठेवलेलाच. लहानपणीच्या तापात तो दोन बोटं आखूड राहिला, आणि तिनं तो असा लपवला की अर्ध्या गल्लीला वाटायचं, बाईला ऐटीत उभं राहायची सवय आहे. खरं तर ती आत्या एकट्या भाचीची, पण सगळी गल्ली तिला आत्याच म्हणते. चाळीस वर्षं तिनं मोटारसायकलवरून बेकरीचे पाव दुकानोदुकानी पोचवले. चालताना लंगडायची, पण गाडीवर बसली की कुणाच्या बापाला ऐकायची नाही.

आत्याच्या भावाचं गॅरेज होतं. तो गेल्यावर त्याची मुलगी, म्हणजे ही भाची, ते चालवू लागली. तिच्याकडे एका संग्रहालयानं सडलेली चॉपर मोटारसायकल दुरुस्तीला पाठवली. पुढचा फोर्क लांबच लांब, हँडल उंच, टाकी चिंचोळी. एका जुन्या गाजलेल्या सिनेमातली ही गाडी. नायक तिच्यावरून डोंगरउतार उतरायचा तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडायच्या. भाचीनं आठ महिने तिच्यापायी जिवाचं रान केलं आणि काम संपत आल्यावर आत्याला बघायला बोलावलं.

आत्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. मग वाकून डाव्या बाजूला हात लावला.

“इथला फुटरेस्ट कुठंय?”

“हा काय.”

“हा नाही. जुना.”

“तो चुकीचा होता गं. दोन बोटं वर, आणि गिअरची दांडीही वर ओढलेली. कधीतरी आपटली असणार. मी कापला आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या. बाबा असते तर खूश झाले असते.”

“तुझ्या बाबानंच तो तसा बसवला होता,” आत्या म्हणाली. “माझ्यासाठी.”

भाचीनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

मग आत्यानं सांगितलं. नायक दिसायला राजबिंडा होता, पण पहिल्याच वळणावर गाडी एकीकडे आणि हा दुसरीकडे. वाकलेलं हँडल सरळ करायला सिनेमावाले भावाकडे आले, तेव्हा आत्या पाव द्यायला आली होती. गाडी नीट झाली का बघते म्हणून ती एक चक्कर मारून आली, आणि सिनेमावाले बघतच राहिले. तिला नायकाचं जाकीट चढवलं, केस टोपीत कोंबले, आणि भावानं डावा फुटरेस्ट तिच्या पायाजोगा वर घेतला. अकरा दिवस पाठमोरी आणि लांबून तीच दिसली. कुठं बोलू नका, असं त्यांनी बजावलं आणि ती लगेच हो म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पायही झाकलेलाच राहणार होता. पुढे नायक प्रत्येक मुलाखतीत सांगू लागला की गाडी मीच चालवली. पहिल्यांदा तिला हसू आलं, दहाव्यांदा राग आला, आणि तोवर बोलायला फार उशीर झाला होता.

“भंगार कुठं टाकतेस?” तिनं विचारलं.

दोघींनी भंगाराचं पिंप आडवं केलं. फुटरेस्ट तळाशी सापडला. भाचीनं तो जुन्या खुणेवर पुन्हा वेल्ड केला, गिअरची दांडीही वर घेतली.

संग्रहालयाचे साहेब आले ते पोस्टर घेऊनच. पोस्टरवर नायक दोन्ही पाय जमिनीवर टेकून ऐटीत बसला होता. भाचीनं त्यांना फुटरेस्टची आणि आत्याची सगळी हकीकत सांगितली.

“ही चूक आहे. सारखं करून द्या, नाहीतर मी गाडी दुसरीकडे नेतो,” साहेब फुटरेस्टकडे बोट दाखवत म्हणाले. “यांनी चालवली, याला पुरावा काय?”

गाडी गेली की आत्याचं खरं सांगणारी तेवढी एक वस्तूही जाणार होती.

“चालवून दाखवते,” आत्या म्हणाली.

“आत्या, तुझं वय बघ.”

“बघितलंय. तू किल्ली दे.”

“पडलात तर?” साहेबांनी विचारलं.

“पडले तर तुमचं खरं.”

आधी साहेबांनी सोबत आणलेला चालक बसला. त्याचा डावा गुडघा पोटाकडे आला, गिअर शोधायला खाली बघावं लागलं. असल्या गाडीचं पुढचं चाक हळू वळताना पडायलाच बघतं. गॅरेजच्या अंगणाच्या टोकाला त्यानं दोनदा पाय टेकला.

आत्यानं डावा पाय फुटरेस्टवर ठेवला आणि अंग उचललं. उजव्या पायानं मारलेली पहिली किक वाया गेली, दुसरीही. भाची पुढे झाली तशी आत्यानं तिच्याकडे असं बघितलं की ती जागीच थांबली. तिसऱ्या किकला गाडी धडधडली. आत्याला भीती वाटत होती आणि तिला ती मुळीच दाखवायची नव्हती. अंगणाच्या टोकाला ती पाय न टेकता वळली, तिथं ठेवलेल्या पिंपांमधून गाडी काढली आणि साहेबांच्या बुटांपासून हातभर अंतरावर थांबवली.

“साहेब,” चालक हळूच म्हणाला, “बाई सरळ बसल्यात. मीच वाकडा बसलो होतो.”

साहेबांनी पोस्टरची गुंडाळी केली. मग विचारलं, “संग्रहालयात गाडीजवळच्या फलकावर तुमचं नाव लिहायचं ना?”

“लिहा. आणि फुटरेस्ट वर का, तेही लिहा.”

“म्हणजे, पायाचं?”

“दोन बोटं आखूड. तसंच लिहा.”

फलकासाठी फोटो हवा होता. आत्या गाडीशेजारी उभी राहिली. भाचीनं सवयीनं पान्यांची पेटी पायानं तिच्याकडे सरकवली. आत्यानं ती बाजूला सारली, दोन्ही पाय फरशीवर टेकवले, आणि एका बाजूला झुकून कॅमेऱ्याकडे बघत राहिली.