जालिंदरचा हलगीवाला

जालिंदर ओव्हाळ दौंडच्या इंजिन शेडमध्ये फिटर होता. १९७८च्या डिसेंबरात, शेजारी राहणाऱ्या रिटायर अँग्लो-इंडियन ड्रायव्हरसाहेबांचा नातू डेरिक विलायतेहून सुट्टीला आला आणि येताना एक अजब खेळ घेऊन आला. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, त्याचं बळ न् अक्कल कागदावर लिहायची, आणि डेरिक गोष्ट सांगेल तसं आपलं सोंग काय करेल ते बोलायचं. अडलं की फासा टाकायचा.

पार्सल ऑफिसातला हौसराव घोड्यावरचा तलवारबाज झाला. हौसराव आणि जालिंदर दोघंही केडगावकडच्या एकाच गावचे.

"तू गाने-बजानेवाला बन," डेरिक जालिंदरला म्हणाला. "उसका बाजा ही जादू है. बाजा कौनसा?"

जालिंदरनं लिहिलं, हलगी. लिहिलं आणि स्वतःच दचकला. त्याच्या घरात हलगीचं नाव निघत नव्हतं. बाप म्हाळू पूर्वी गावात हलगी वाजवायचा. लग्न असो, मयत असो, बोलावणं आलं की जायचं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि म्हाळूनं हलगी चुलीत घातली. सगळ्या वस्तीनं एका तोंडानं सांगितलं, आता वाजवणार न्हाई. मग गावानं वस्तीला कामं बंद केली, पिठाची गिरणी बंद केली. तेव्हा जालिंदर सात वर्षांचा होता.

पण कागदावर त्याचा हात थांबेना. एका ठेक्यानं कुलूप उघडावं, दुसऱ्यानं पहारेकरी झोपावेत, तिसऱ्यानं वारा फिरावा. बोटं टेबलावर आपसूक ठेका धरू लागली. त्यानं खाली लिहिलं: हा कुणाच्या हुकमानं वाजवत नाही.

डेरिकच्या गोष्टीत दोघं एका राजाच्या दरबारात पोचले. राजाची आई वारली होती. राजा म्हणाला, "मयतीपुढं वाजवत चल, नाहीतर मुंडकं उडवीन."

"न्हाई वाजवणार," जालिंदर म्हणाला.

"आरं वाजव की लेका!" हौसराव ओरडला. "खेळच हाय ह्यो!"

"खेळातबी वाजवायचं, मंग न्हाई म्हणायचं कुठं?"

हौसरावला वस्तीला बंद केलेली गिरणी आठवली. ती गिरणी त्याच्या आजोबांची होती. डेरिकला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं फासा टाकला. हलगीवाल्याचं मुंडकं उडालं. हौसराव उठून गेला.

जालिंदरनं घरी येऊन बापाला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आबा हलगीचं नाव ऐकूनच भडकतील, नाहीतर पाठ तरी थोपटतील. म्हाळूनं भलतंच विचारलं.

"मेला म्हंतोस?"

"व्हय आबा. पर वाजवली न्हाई."

"जगवायचा व्हता रं त्याला!" म्हाळूचा आवाज फाटला. "आमी न्हाई म्हणालो ते जगायसाठी. मरायची हौस न्हवती कुणाला."

इतकी वर्षं जालिंदर बापाच्या त्या नकाराकडं मान वर करून बघत आला होता. त्यामागं जगायची एवढी ओढ असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यानं नवा हलगीवाला लिहिला. चपळ, पळण्यात पटाईत. हौसराव उशिरा आला आणि खाली मान घालून बसला. पुन्हा दरबार, पुन्हा तोच हुकूम. या वेळी हलगीवाला राजाला "न्हाई" म्हणाला, स्वतःच्या मनानं एक ठेका धरला, पहारेकरी झोपवले आणि वेशीकडं धावला.

"पैदल?" डेरिक हसला. "राजा के पास घुड़सवार हैं. पकड़ेंगे."

"माझा घोडा घे," हौसराव एकदम म्हणाला.

आपण हे काय बोलून बसलो, असा त्याचा चेहरा झाला.

"आन् तू?" जालिंदरनं विचारलं.

"मी बसतो की मागं. सरक."

फासा बरा पडला. दोघं एका घोड्यावर वेशीबाहेर निघाले, आणि पुढं नदी लागली तेव्हा ती कुठून ओलांडायची यावरून भांडायला लागले.