डिझेल गाडी आणि बायकोचा दमा

आमच्या गाडीचं तोंड कायम रस्त्याकडं असायचं. पेडगावात येणारा-जाणारा म्हणायचा, "उलटी कशाला लावताव राव, सरळ घाला की आत." मी उत्तर देत बसायचो नाही. बायकोला दमा आहे, ऐनवेळी गाडी वळवण्यात दोन मिनिटं जाऊ नयेत, म्हणून मी ती रोज मागं घेत ओसरीला पाठ लावून उभी करायचो. सात-आठ वर्षं हेच चाललं होतं आणि आपण लय शहाणपणा करतोय असं मला वाटायचं.

गाडी डिझेलची, जुनी, पण ओढायला दांडगी. माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. मागं पोती टाकून परभणीहून निघालो तरी पुलाचा चढ ती कुरकुर न करता चढायची. मग एक दिवस कंपनीचा फोन आला. म्हणे, तुमच्या मॉडेलचा धूर नियमापेक्षा जास्त निघतोय, आम्ही सगळ्या गाड्या परत बोलावल्यात, इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून देऊ, फुकट. फुकट म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी सर्व्हिस सेंटरच्या दारात. दोन तासांत काम झालं, वर गाडी धुऊन दिली. मी खूश.

परत येताना पुलावर कळलं. पाय दाबला की गाडी आधी विचार करायची, मग निघायची. पहिल्यासारखी ओढ उरलीच नव्हती. गडी तोच, पण जेवण अर्धं केल्यासारखा.

तसंही चालवून घेतलं असतं, पण सोयाबीनची मळणी सुरू झाली. मळणीयंत्राचं भुसकट उडायला लागलं की आमच्या घरात सगळ्यांचे कान तिच्या छातीकडं असतात. त्या दिवशी दुपारी तिला खोकला लागला. मी म्हणालो, "पंप मार, उतरंल." तिनं तोंडात पंप मारला आणि मी दुकानात गिऱ्हाईक काढत बसलो. मधे एकदा डोकावलो, परत म्हणालो, उतरंल. दिवस कलला तरी उतरलं नाही, तेव्हा तिला गाडीत घातलं.

पुलाच्या चढावर पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. पहिली गाडी असती तर कधीच मागं टाकला असता. मी पाय खालपर्यंत दाबला, गाडी नुसती घुमत राहिली. शेजारी ती डॅशबोर्डला हात टेकून पुढं वाकलेली. "अहो," एवढंच म्हणायची आणि श्वास संपायचा. ओठ काळेनिळे दिसायला लागले होते. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती.

दवाखान्यात मास्क लावून वाफ दिली, सुया दिल्या, मग तिची छाती मोकळी झाली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या वेळी वाट बघू नका. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर आणा. आज यांना दोन शब्दांपुढं जाता येत नव्हतं." मी मान हलवली. पण मनात एकच, ह्या गाडीनं घात केला.

सर्व्हिस सेंटरला जाऊन भांडलो. काउंटरवरचा साहेब स्क्रीन बघून म्हणाला, "काका, सिस्टीममध्ये कसलाच दोष दाखवत नाही."

"दोष न्हाई, मग मी ट्रॉलीच्या मागं हौसेनं राहिलतो का?"

"जुना प्रोग्रॅम परत टाकायची आम्हाला परवानगी नाही," तो म्हणाला. मग मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बाहेर टायरवाल्यानं सांगितलं, गंगाखेड रोडला एक मिस्तरी हाय, लॅपटॉप लावून गाडीचं डोकं बदलून देतो. हा मिस्तरी माझ्याच वयाचा निघाला. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. लोकांनी टीव्ही दुरुस्त करणं सोडून दिलं, तसा हा गाड्यांच्या कॉम्प्युटरकडं वळला. पान्याला हात लावत नाही. त्यानं मला एकच विचारलं, "ओढ पायजे का मायलेज?"

"ओढ."

"मग धूर वाढंल, मामा. डिझेल जादा सोडावं लागतंय. पीयूसीवाला बोंबलंल."

"धुराला कोण विचारायलंय? गाडी पळाली पायजे," मी म्हणालो. हे वाक्य मी कुणाला सांगत नाही.

त्यानं स्टीअरिंगखाली वायर खोचली. कंपनीनं टाकलेला प्रोग्रॅम आधी काढून घेतला, एका पेन ड्राइव्हवर भरला आणि माझ्या खिशात घातला. "हा जपा. कधी मागं यायचं झालं तर लागंल." मग बॅटरीला चार्जर जोडला आणि म्हणाला, "आता नवीन लिहायला घेतलं की मधी थांबता येत न्हाई. अर्ध्यात तुटलं तर जुनंबी गेलं अन् नवंबी न्हाई. गाडी टोचन करून न्यावी लागंल. दाराला, चावीला, कशाला हात लावू नका."

मी हात पाठीमागं बांधून उभा राहिलो. स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकत होती, खाली टक्के. वीस, तीस. चाळीसच्या पुढं गेली आणि लाईट गेली. पंखा थांबला, चार्जर विझला. लॅपटॉप आपला चालूच होता, पण गाडीचा कॉम्प्युटर आता एकट्या बॅटरीवर.

मिस्तरीनं बॅटरीला लावलेल्या मीटरकडं पाहिलं. "बॅटरी किती जुनी हाय?"

"चार-पाच वर्षं झाली असतील."

तो उठला. आतून दुसरी बॅटरी उचलून आणली, दोन वायरी घेतल्या आणि एकेक चिमटा लावायला लागला. हात निसटला असता तर सगळं संपलं होतं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि माझ्या पाठीवर.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बायको.

"कवा... येता?"

"काय झालं?"

"पंप... संपत आलाय. घेऊन... या."

दोन शब्दांपुढं जाता येत नव्हतं. शेजाऱ्याला फोन लावला तर त्याची जीप देवगाव फाट्याला. दुसऱ्याला लावला, तो उचलेना. मी मिस्तरीला म्हणालो, "थांबवा हे. मला निघायचंय."

"थांबवलं तर निघताच येणार न्हाई, मामा," तो शांतपणे म्हणाला. खरंच होतं. बायकोसाठी ठेवलेली गाडी मीच आणून इथं ऑपरेशनच्या टेबलावर पाडली होती, आणि तिला गरज होती ती आत्ता. एकसष्ट. बासष्ट. पट्टी गोगलगायीच्या चालीनं सरकत होती. मी देवाचं नाव घेतलं नाही, नुसते आकडे म्हणत राहिलो.

शंभर झाले. "फिरवा चावी." पहिल्यांदा इंजिन नुसतं कण्हलं. दुसऱ्यांदा सुरू झालं आणि मागून काळा लोट निघाला. मिस्तरीनं बाहीनं नाक झाकलं. मी त्याच्या हातात पैसे कोंबले, वाटेत मेडिकलमधून पंप घेतला आणि सुटलो. गाडी काय निघाली म्हणता. पुलावर एक ट्रक आणि एक एसटी मागं टाकली. आरशात काळा ढग दिसत होता आणि मी हसलो. खरं सांगतो, हसलो.

घरी पोचलो तर ती ओसरीत खुर्चीवर बसलेली. पंपात होतं नव्हतं तेवढं मारलं होतं, त्यानं जरा उतार पडला होता. मला बघून तिथूनच म्हणाली, "या निवांत, आता बरं वाटायलंय मला." पाच-सहा शब्द, एका दमात. माझा जीव भांड्यात पडला.

आणि मी रोजच्या सवयीनं गाडी वळवली, मागं घेतली. ओसरीपाशी जरा चढ आहे, तिथं पाय दाबावा लागतो. दाबला. नवी ओढ होती ती. सगळा धूर ओसरीच्या तीन भिंतींत कोंडला, तिच्या तोंडावर. पंप हातात घेऊन मी खाली उतरलो तर धुरात ती नीट दिसेनाच. नुसता आवाज येत होता, फुटक्या भात्यासारखा. ह्या वेळी तिला "अहो" सुद्धा म्हणता आलं नाही.

परभणीला आम्ही कधी नव्हे इतक्या लवकर पोचलो. त्याचं काय करू?

ती जरा सावरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "इतकं एकदम कसं वाढलं? धूर झाला का घरात कशाचा?"

चोराच्या मनात चांदणं. मी वर पंख्याकडं बघत उभा राहिलो. बायकोनं मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "चुलीचा."

आमची चूल बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. तिथं आता कोंबडी अंड्यावर बसते. पण डॉक्टरांना ते कुठलं ठाऊक. त्यांनी मला धरून फैलावर घेतलं, घरात दम्याचं माणूस आणि अजून चूल पेटवता, गॅस घ्यायला काय होतं तुम्हाला. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सोडलं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू, नवऱ्यानं तोंडावर धूर सोडला म्हणून?" ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "गाडीनं कवाच उशीर केला न्हाई. तुमीच उतरंल, उतरंल म्हणत बसताव, अन् मग गाडीला पळवताव."

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी गाडीला देत होतो. मला रडू आलं.

तिला घरी सोडून तसाच गंगाखेड रोडला गेलो. पेन ड्राइव्ह मिस्तरीच्या पुढं ठेवला. तो म्हणाला, "लोक ओढ मागायला येतात. परत द्यायला आलेले तुमी पयलेच." पुन्हा ती पट्टी सरकली, पुन्हा टक्के. ह्या वेळी मी बाहेर टपरीवर चहा पीत बसलो.

आता गाडीचं तोंड घराकडं असतं. निघताना मागं घेऊन वळवावी लागते, त्यात वेळ जातो. गावातले विचारतात, आता सरळ का लावायलाव. त्यांना काय सांगणार.

परवा तुरीच्या मळणीत तिला खोकला आला. चारदा खोकली असेल. मी दुकानातलं गिऱ्हाईक तसंच सोडून चावी उचलली.

"अहो, उतरंल की. भाजी टाकलीय मी गॅसवर."

मी जाऊन गॅस बंद केला.

पुलावर पुढं उसाच्या ट्रॉल्या होत्या. गाडी नेहमीसारखी विचार करत होती. मी मागंच राहिलो, घाई केली नाही. शेजारी ती वाटभर मला बोलत होती. अर्धी कच्ची भाजी तशीच टाकून आणलंत मला. दुकान उघडं ठेवून कोण जातं का असं. एवढ्याशा खोकल्याला डॉक्टर हसतील आपल्याला, लाज न्हाई वाटत का तुमाला. मधे मधे खोकत होती, पण एकही वाक्य अर्धं सोडत नव्हती. मी गाडी चालवत ऐकत होतो.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबवली तेव्हा ती भाजीवरच बोलत होती.