काचेआडचा ठेंगा

मत्स्यालयातले लोक त्याला बेडूक म्हणत. शार्कच्या टाकीत उतरून आतून काच घासायची, हे त्याचं काम. कमरेला शिशाचा पट्टा, तोंडावर मुखवटा, मुखवट्याला वरून हवा आणणारी लांब नळी. पाण्यात गडी राजा. पाण्याबाहेर मात्र जिभेला हाड नाही.

त्या जिभेनंच घात केला. मेहुण्याचं खिळ्या-मोळ्यांचं दुकान होतं. तो एकदा जेवताना म्हणाला, "दाजी, माशांची घाण काढण्यापेक्षा माझ्याकडे खिळे तोला. माणसात तरी याल."

बेडकानं उष्ट्या हाताचा अंगठा त्याच्या नाकाखाली नाचवला. "हा घ्या ठेंगा. चाटा."

बायको ताटावरून उठली ती भावाबरोबर थेट माहेरी. नवरा खपला असता तिला, भावाचा अपमान खपला नाही. बेडकानं निरोप धाडले, सासूच्या पाया पडला. शेवटी म्हणाला, "एकदा माझं काम येऊन बघ. मग काय ते ठरव." ती कबूल झाली. काम बघायचं, पटलं तर तिथूनच घरी यायचं. पिशवी भरूनच आली होती. मेहुणा सोबत होताच, हाताची घडी घालून.

आता टाकीतून काही हाक मारता येत नाही. म्हणून तिथे खुणा. अंगठा वर केला की अर्थ एकच: मला वर काढा. काचेबाहेर राखणदार उभा असे. त्यानं अंगठा पाहिला की वायरलेसवर सांगायचं आणि वरच्या जोडीदारानं उडी टाकायची. पण त्या दिवशी गर्दी उसळली आणि साहेबांनी राखणदाराला तिकिटांच्या खिडकीवर पिटाळलं. पाण्यात माणूस बुडाला तर एक बाई रडते. बाहेर रांग मोडली तर साहेबाला वरून फोन येतो. साहेब लोकांचा हिशोब असा सरळ असतो. बेडकाला कुणी काही सांगितलं नाही.

तो खाली उतरला. बायको काचेशी उभी. त्यानं हात हलवला, तिनंही पदराआडून हलवला. जवळून शार्क गेला तशी ती भावाच्या दंडाला बिलगली आणि हसली. बेडकाला वाटलं, जमलं.

तेवढ्यात नळी खोट्या खडकाच्या फटीत अडकून मुरगळली. हवा बंद. त्यानं हिसडे दिले, नळी निघेना. राखणदार नेहमी उभा असायचा त्या कोपऱ्याकडे वळून त्यानं अंगठा वर केला. तिथे मेहुणा उभा होता.

"बघ गं," मेहुणा म्हणाला, "काचेआडून ठेंगा दाखवतोय."

"नसेल रे दादा."

बेडकानं दोन्ही अंगठे नाचवले. काचेवर आपटले. पोरांना वाटलं खेळ आहे. त्यांनीही अंगठे नाचवले, कुणी फोटो काढले.

"दोन्ही हातांनी," मेहुणा म्हणाला. "चारचौघांत. घे, बघितलंस काम?"

तिनं पिशवी उचलली. गर्दीत शिरणाऱ्या दोघांच्या पाठी बेडूक बघत होता. डोळ्यांपुढे काळोख आला तेव्हा त्यानं पट्टा सोडला, मुखवटा उपटला आणि जिवाच्या आकांतानं वर आला. नाकातून रक्त, कानातून रक्त. साहेब धावत आले. "लोकांसमोर मुखवटा काढायचा नाही, माहीत नाही का?"

ओल्या अंगानं त्यानं फोन लावला. मेहुण्यानं उचलला.

"दादा, तो ठेंगा नव्हता. मला वर काढा म्हणत होतो. मरत होतो हो."

"दाजी, मरणारा माणूस हात जोडतो. अंगठा नाही नाचवत."

"तिला द्या."

ती काहीतरी बोलली. रक्ताळलेल्या कानाला नुसता घूं आवाज. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं. परत सांग."

तिला वाटलं, अजून चिडवतोय. म्हणून तिनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "माझे कपडे पोत्यात भरा आणि दादाच्या दुकानावर टाका. तुम्ही येऊ नका."