कोवळ्या पोकवीडची भाजी

अमेरिकेत अ‍ॅशबर्नच्या आमच्या घरामागे कुंपणालगत पोकवीड उगवायचं, आणि माझी नोकरी नेमकी त्याच विषारी झाडावर. कोंब फुटल्यापासून फळं जांभळी होईपर्यंत दर महिन्याला पानं, खोडं, मुळं लॅबमध्ये न्यायची आणि त्यातलं विष मोजायचं. रिठ्याला ज्या द्रव्यांनी फेस येतो, त्याच जातीची ही द्रव्यं. कोंबात कमी, झाड जून होईल तशी पानाखोडात वाढत जातात. मुळाला तर कधीच हात लावू नये.

२००४ च्या एप्रिलमध्ये आई रत्नागिरीहून राहायला आली. "पीएचडी करून शेवटी गवतच उपटतेस होय!" हे तिचं माझ्या करिअरबद्दलचं मत. इथल्या भाज्यांबद्दलचं त्याहून वाईट. "मेलं रबर नुसतं."

एका शनिवारी जेवायला पाहुणे येणार होते. मी ग्रोसरी घेऊन आले, तर गॅसवर भाजी शिजत होती आणि सिंकजवळ ओळखीचे देठ पडले होते.

"आई, हे कुंपणाजवळचं? चाखलंस का?"

"मीठ घातल्याशिवाय चाखते कशाला? बघ, कसं लुसलुशीत आहे! दोनदा उकळून पाणी टाकलंय, वर कोकम घातलंय. रानातली शेवळं घसा खाजवतात म्हणून आपण सोडतो का?"

खरं सांगते, आमच्या लॅबमध्येसुद्धा कुणी इतक्या निगुतीने काम करत नसे.

"अगं, विष आहे त्यात!"

"तूच म्हणालीस ना परवा, कोवळ्यात कमी असतं म्हणून?"

"कमी म्हणजे शून्य नव्हे!"

"कोवळी होतीस तेव्हा तूही बरी होतीस. आता बघ."

मला हसू आलं, पण पातेलं उचलून मी भाजी कचऱ्यात ओतली. पाहुण्यांना पिझ्झा मागवू म्हटलं. वळून पाहिलं तर आईचे डोळे भरलेले.

"अगं, मेथी आणते ना तुला, आत्ता गाडी काढते," मी किल्ली उचलत म्हटलं.

"तेच तर," ती म्हणाली. "दुकानात जायला तुझी गाडी, बोलायला तुझं इंग्रजी, बाहेर पडायचं तर तुझा शनिवार. आल्यापासून या घरात माझ्या पायांनी जाऊन मी आणलेली एवढी एकच वस्तू होती गं."